राहून गेलेलं बारसं

दुपारची जेवणं झाली, भांडी डिशवॉशरमध्ये गेली आणि माझ्या सासूबाई आडव्या झाल्या, की आमच्या घराचं जहाज होतं. हे मी नाही म्हणत, त्या म्हणतात. मी नागपूरची बाई. आमच्याकडे फुटाळा तलावावर जरा वारा सुटला तरी लोक पोराबाळांना घेऊन लाटा बघायला जातात. मला जहाजातलं काय कळतंय?

आमच्या अमेरिकेतल्या, अ‍ॅशबर्नच्या घरामागे झाडांची एक रांग आहे आणि त्या रांगेमागे डेटा सेंटर. खिडक्या नसलेली राखाडी इमारत, आतली यंत्रं थंड ठेवायला छपरावर मोठाले पंखे. ते दिवसरात्र घूं करत असतात. नवीन राहायला आलेले लोक तक्रारी करतात, मीटिंगा घेतात. आम्हाला तो आवाज ऐकूही येत नाही, कारण माझा नवरा उल्हास तेच पंखे सांभाळायची नोकरी करतो, आणि ज्याच्यावर घर चालतं त्याचा आवाज कोणाला खुपतो? पण सासूबाई मार्चमध्ये गावाहून आल्या, पहिल्याच दुपारी गेस्ट रूममध्ये पडल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "इंजिन चालू आहे गो. म्हणजे बोट अजून चालतेय."

मला वाटलं जेट लॅग असेल. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाचं शरीर विमानाने येतं आणि डोकं मागून सावकाश चालत येतं. मी म्हटलं, "आई, झोपा. ते पंखे आहेत, तुमच्या लेकाचे." त्या झोपेतच हसल्या.

मग हे रोजचंच झालं. चहाच्या वेळेला उठायच्या तेव्हा चेहरा असा, की लांबच्या प्रवासाहून आल्यात आणि अजून पाय जमिनीला नीट लागलेले नाहीत. एक दिवस मी वैतागून विचारलं, की तुम्हाला दिसतं तरी काय? चहात बिस्किट बुडवत त्यांनी सांगितलं. एक बोट आहे. डेकवर एक पोरगा बादलीने पाणी ओतून फळ्या घासतोय. उघडा, पाठ उन्हाने रापलेली, आपल्या नातीहून, अनयाहून, थोडासा मोठा. पाणी कुठे जात नाही, फळ्यांवरच हलत राहतं, आणि त्यातून ऊन वर येतं. त्या चालत चालत त्याच्यापाशी जातात. तो मान वर करून विचारतो, "तू कोणाची गो?" त्या म्हणतात, "तुझीच." तो घासायचा थांबतो. "माझी? मग नाव काय तुझं?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जाग येते. मलाच ठाऊक नाही तर सांगू काय?"

बिस्किट तोवर चहात पडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःचं नाव ठाऊक नाही? पासपोर्टवर तर मालिनी लिहिलंय. तेच सांगते.

सासूबाईंचे वडील, धाकू, जयगडच्या खाडीकडचे. तिकडची पोरं मिसरूड फुटलं की मुंबईला जायची आणि साहेबाच्या बोटीवर खलाशी म्हणून चढायची. धाकूही चढला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लग्न नवीन, बायकोला दिवस गेलेले, आणि निघताना तो सांगून गेला, "पोर होईल त्याचं बारसं मी आल्यावर. नाव मी ठेवणार. कोणी घाई करायची नाही." त्याची बोट 'एस. एस. ग्रेनफर्थ'. ती मुंबईहून निघाली, आफ्रिकेला वळसा घालून अमेरिकेकडे आली, आणि किनारा दिसायला लागला तिथेच जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. इकडे गावात मुलगी झाली होती. धाकूला ती झाल्याचं कधीच कळलं नाही.

बोट बुडाल्याचं सांगायला मुंबईहून माणूस आला होता. माझ्या आजेसासूने त्याला पन्हं दिलं आणि त्याचं काही एक मानलं नाही. "अमेरिकेजवळ बुडली ना? मग अमेरिकेत उतरला असेल. खाडीतला पोर आहे, त्याला काय पोहायला शिकवायचं?" तिने बांगड्या फोडल्या नाहीत, कुंकू पुसलं नाही. गावातल्या बायका कुजबुजायच्या, की त्याने तिकडे मडम केली असेल. ती म्हणायची, करू दे की, जिवंत तर आहे. हिरव्या बांगड्या घालून ती म्हातारी झाली आणि सवाष्ण म्हणूनच गेली. गावानेही तिला हिरवं लुगडं नेसवूनच नेलं. एवढ्या वर्षांनी तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

आणि मुलीचं बारसं राहिलं ते राहिलंच. बाप येईल तेव्हा करू, म्हणत. सगळं गाव तिला 'बाय' म्हणायचं, पण तिकडे कोणत्याही मुलीला बायच म्हणतात, म्हणजे ते नाव नव्हेच. शाळेत घालताना मास्तरांनी नाव विचारलं, कोणी बोलेना, तेव्हा त्यांनी आपलं सुलोचना लिहून टाकलं. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात मालिनी लिहिलं. एक नाव मास्तरांचं, एक नवऱ्याचं. बापाचं एकही नाही.

"आता माझं राहिलं किती?" सासूबाई म्हणाल्या. चमच्याने त्या चहातलं बिस्किट शोधत होत्या. "वर गेले की आई ओळखेल. तुझा सासरा ओळखेल, कटकट करील, पण ओळखेल. पण तो? त्याला मी जन्मले हेच ठाऊक नाही. मी समोरून जाईन आणि तो म्हणेल, ही कोणाची गो म्हातारी?"

मला फटकन बोलायची सवय आहे. डेंटिस्टच्या ऑफिसात अपॉइंटमेंटा देते मी, दिवसभर लोकांना सरळ करते. पण त्या दुपारी नाही. मी उठून दुसरा चहा टाकला.

आमची मुलगी अनया तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. फक्त आजीसाठी ती मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलते. तिने इंटरनेटवर ग्रेनफर्थ शोधली. नॉर्थ कॅरोलिनात हॅटरस म्हणून गाव आहे, तिथून आत समुद्रात ती बोट पडलेली आहे. हौशी पाणबुडे तिच्यावर बुड्या मारायला जातात, त्यांना घेऊन जाणाऱ्या छोट्या बोटी भाड्याने मिळतात. "आई, पीपल गो देअर फॉर फन, यार," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

आमच्या घरापासून गाडीने एका दिवसाची वाट. आम्ही उन्हाळ्यात त्याच किनाऱ्याला जातो. छत्र्या रोवतो, कणसं भाजतो, उल्हास वाळूत घोरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

उल्हासने ते मनावर घेतलं, आणि त्याने काही मनावर घेतलं की मला धडकी भरते. त्याने बोट बुक केली, मोटेल बुक केलं आणि एडिसन गावच्या गुरुजींना फोन लावला. हेच गुरुजी आमच्या वास्तुशांतीलाही व्हिडिओ कॉलवरून होते, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचा त्यांना सराव आहे. गुरुजी म्हणाले, अपघाती मृत्यू, देह मिळालेला नाही, विधी झालेला नाही, म्हणजे आत्मा अडकलेला. त्या जागी जाऊन तर्पण करा, काळे तीळ आणि पाणी सोडा, मंत्र मी सांगतो.

"आईला क्लोजर मिळेल," उल्हास म्हणाला. "आजोबा शांत होतील, स्वप्नं थांबतील."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मला फक्त एवढं म्हणाल्या, की निघायच्या आदल्या रात्री हरभरे भिजत घाल. मी घातले. सकाळी उकडून त्यांना लसणाची फोडणी द्यायला कढई ठेवली, तर त्यांनी माझा हात धरला. "फोडणी नको. नुसतं मीठ." मला वाटलं, प्रवासात पोटाला बरं म्हणून. वाटेत खायला होतील म्हणून मी डबा कूलरमध्ये कोकच्या कॅनशेजारी ठेवून दिला. बघा, लेकीचं बारसं केलेली बाई मी, आणि बिनफोडणीचे उकडलेले हरभरे बघून माझ्या डोक्यात काही आलं नाही.

हॅटरसला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मोटेलच्या गॅलरीतून समुद्र दिसत होता, सपाट, दुधाळ. किनाऱ्यावर एकेक दिवा लागत होता, हॉटेलांचे, आइस्क्रीमच्या दुकानाचे, दूर दीपस्तंभाचा. अनया कठड्याला टेकून आजीला सांगत होती, की युद्ध सुरू झालं तरी इथल्या गावांनी बरेच दिवस दिवे मालवलेच नव्हते. टुरिस्ट येणार नाहीत म्हणून. मग समोरून जाणारी बोट त्या उजेडावर काळी दिसायची आणि पाणबुडीला नेम धरायला सोपं जायचं.

"अनया, पुरे," उल्हास म्हणाला.

सासूबाई दिव्यांकडे बघत होत्या. "म्हणजे त्या वेळेला किनारा असाच उजळलेला होता?"

"हो आजी."

"मग बरं झालं. अंधारात नाही गेला." आणि थोड्या वेळाने, "आई खरं म्हणायची. अमेरिका त्याने बघितली."

मी आत जाऊन तोंड धुतलं. मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही.

सकाळी धुकं होतं. बोटीचा कॅप्टन डेल नावाचा म्हातारा, पांढरी दाढी, बोलण्यात इतका सावकाश की मध्ये चहा करून यावा. सासूबाईंना त्याने हात धरून चढवलं आणि डेकवर घडीची खुर्ची मांडून दिली. त्यांनी नऊवारी नेसलं होतं, वर अनयाचा हूडी आणि त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. मांडीवर त्यांची कापडी पिशवी. ती त्यांनी रस्ताभर कोणाला उचलू दिली नव्हती. इंजिन सुरू झालं, घूं करून. त्यांनी डोळे मिटले. "तोच आवाज," त्या म्हणाल्या.

मी मात्र बंदर सुटल्या सुटल्या कठड्याला धरून ओकायला लागले. माझ्या बापजाद्यांनी कधी खारं पाणी पाहिलं नाही, त्यांचा सगळा राग माझ्या पोटातून निघत होता. मध्येच धुकं विरळ व्हायचं आणि दिसायचं की पुढे काहीच नाही. आकाश आणि पाणी एकाच रंगाचं, आपण कशावरून चाललोय ते कळू नये असं. मग हळूहळू पाण्याचा रंग बदलला. हिरवट होतं ते निळं झालं, शाईसारखं, आणि वारा एकदम कोमट झाला. डेल म्हणाला, हा दक्षिणेकडून येणारा गरम प्रवाह, इथून पुढे समुद्रच वेगळा. सासूबाईंनी हूडी काढून टाकला. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता, माहेरच्या एसटीत बसलेल्या बाईसारखा.

ओकारी थांबली तेव्हा मी डेलशेजारी जाऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की ही बोट एवढी झटकन कशी बुडाली? लोकांना होडीत उतरायलाही सवड मिळाली नाही म्हणतात. तो म्हणाला, "खनिज होतं ना आत. मँगनीजचा कच्चा दगड, इंडियाचा. कोळसा असता, कापूस असता, तर तरंगली असती थोडा वेळ. त्या दगडाने तिला सरळ खाली नेलं."

मँगनीज. माझं माहेर नागपूर म्हणते मी, पण खरं घर मनसरचं, रामटेकच्या अलीकडे. माझे आजोबा मँगनीजच्या खाणीत होते. त्यांची नखं काळी होती. साबण लावा, लिंबू लावा, मरेपर्यंत तो काळा निघाला नाही. आमच्या अंगणातसुद्धा तेच काळे, जड खडे असायचे. लहानपणी मी त्यांनी लंगडी खेळायची. लढाईच्या वेळी दिवसरात्र माल निघायचा, सगळा मुंबईला आणि तिथून परदेशी जायचा, असं आजोबा सांगायचे. आता त्या बोटीत मनसरचाच माल होता असं नाही. भंडाऱ्याचा असेल, बालाघाटचा असेल. पण माझ्या मनाने ठरवून टाकलं. माझ्या आजोबांनी खणलेल्या दगडाने माझ्या सासूच्या बापाला तळाला नेलं होतं.

मला लपवता येत नाही. मी जाऊन सासूबाईंच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि सांगून टाकलं. वाटलं, आता त्या काय म्हणतील. तीस वर्षं एकमेकींना बोलत आलोय, पण असं काही कधी मध्ये आलं नव्हतं.

त्यांनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं तो तुझ्या माहेरच्या मातीवर झोपलाय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एकटाच आहे."

तेवढ्यात डेलने इंजिन बंद केलं.

आवाज थांबला. मी तुम्हाला काय सांगू, एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. अ‍ॅशबर्नचे पंखे, गाडी, फ्रिज, सगळ्याची घूं इतकी वर्षं कानात होती, ती एकदम पुसली गेली. धुकं चारही बाजूंनी लांब उभं होतं आणि मधल्या निळ्या पाण्यात आमची बोट नुसती हलत होती. "राइट अंडर अस," डेल हळूच म्हणाला आणि बोटाने खाली दाखवलं.

उल्हास कामाला लागला. तांब्या काढला, ताम्हन काढलं, काळ्या तिळांची पुडी काढली, मोबाइल एका दोरीच्या गुंडाळीला टेकवून उभा केला. गुरुजी स्क्रीनवर आले, "आचम्य" म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून तिथेच थांबले. उल्हासने मोबाइल हलवला, उंच धरला, बोटीच्या टोकाशी नेला. गुरुजी हलेनात. भर समुद्रात नेटवर्क कुठून येणार, हे डेटा सेंटरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला कळू नये.

"ठीक आहे," उल्हास म्हणाला. घाम पुसला. "आपणच करू. आई, ओंजळीत तीळ घे. आजोबांचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं."

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एवढं लांब आलोय आपण. त्यांना निरोप..."

"ओळख झाली नाही अजून, निरोप कसला देऊ?" आवाज चढवला नाही त्यांनी. "मी त्याला मारायला नाही आले रे. माझ्या आईने मारला नाही, मी कशी मारू? त्याने सांगितलं होतं, आल्यावर बारसं करू. तो येऊ शकला नाही. मी आले."

आणि त्यांनी पिशवी उघडली. शेंडीचा नारळ निघाला. हळदकुंकवाची डबी निघाली. मग जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक कुंची निघाली, बाळाची, हिरव्या खणाची, जरीचा काठ काळा पडलेला. धाकू बोटीवर गेल्यावर आजेसासूने शिवलेली. ती कधी कोणाच्या डोक्यावर चढली नव्हती, ना उल्हासच्या, ना अनयाच्या. "हरभरे कुठे ठेवलेस गो?" त्यांनी मला विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घुगऱ्या. बारशाला वाटतात त्या घुगऱ्या. कोकच्या कॅनशेजारी.

उल्हास बघतच राहिला. "पण आई, असं कसं... गुरुजींना विचारायला हवं."

"गुरुजी गोठलेत," मी म्हटलं. "तू गप्प बस."

त्याने तिळांची पुडी नीट दुमडून खिशात घातली. मग म्हणाला, "पण नाव ठेवायला आत्या लागते, आई. तुझ्या आत्या तर कधीच..."

खरं होतं. बाळाच्या कानात कुर्र करायचा मान आत्याचा. बापाच्या बाजूचं माणूस लागतं. सासूबाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि हाताने मला खुणावलं.

"मी?" मी म्हटलं. "मी तुमची सून."

"त्याच्याजवळ कोण आहे? तुझ्या माहेरची माती आहे. या समुद्रात त्याच्या बाजूचं माणूस म्हणायचं तर तूच."

मला माझं लग्न आठवलं. ताटात तांदूळ पसरले होते, उल्हासच्या काकांनी हातात अंगठी धरली होती, नवऱ्या मुलीचं नवं नाव लिहायला. आश्लेषा ठरलं होतं. सासूबाई मध्ये आल्या आणि ताट उचलून घेऊन गेल्या. "तिच्या बापाने ठेवलेलं नाव आहे, हात लावू नका," एवढंच म्हणाल्या. लोक नाराज झाले. मला वाटलं, सासू सुधारक दिसते, चला, नशीब बरं आहे. तीस वर्षं मी तेच समजत होते. त्या दिवशी बोटीवर गुडघ्यांवर बसले असताना मला कळलं, की माझ्याकडे जे होतं ते त्यांना कधी मिळालंच नव्हतं, आणि म्हणून त्यांनी माझं कोणाला घेऊ दिलं नाही.

अनयाने आजीच्या पांढऱ्या केसांवर ती इवलीशी कुंची ठेवली. बांधता येणं शक्यच नव्हतं, तिने हाताने धरून ठेवली. मी हळदकुंकू लावलं. नारळ बाळासारखा धरून त्यांच्या मांडीवरून आणि खुर्चीखालून फिरवला, गोविंद-गोपाळ म्हणत, जसं आठवेल तसं. डेलने टोपी काढली, मग नक्की काय चाललंय ते न कळून पुन्हा घातली. अनयाने त्याला काहीतरी सांगितलं, तेव्हा त्याने पुन्हा काढली आणि काढूनच ठेवली.

मी त्यांच्या कानाशी वाकले. मग अडले. "आई, नाव काय सांगू?"

"तू नको सांगू. तू नुसतं कुर्र कर. नाव ठेवणार तो."

मी केलं. "कुर्रर्र..." लांबलचक, श्वास संपेपर्यंत. अनयाने माझ्या पाठीत धपाटा घातला, घालायचा असतो म्हणून, पण अमेरिकन पोरगी, तिला अंदाज नाही, माझा जीवच गेला. सासूबाई हसल्या. हसत हसतच उठल्या, कठड्याशी गेल्या आणि वाकल्या. उल्हासने त्यांना कमरेला धरलं. त्यांनी कान पाण्याकडे केला, डोळे मिटले.

पाणी बोटीच्या बाजूला चुबुक चुबुक करत होतं. कुठून तरी एक पांढरा पक्षी आला, पाण्यावर बसला, आमच्याबरोबर वरखाली होत राहिला. ऊन धुक्यातून गाळून येत होतं आणि पाण्यात खोलवर जात होतं, सरळ खाली, दिसेनासं होईपर्यंत. किती वेळ गेला मला माहीत नाही. मला पहिल्यांदाच मळमळत नव्हतं.

मग सासूबाईंनी मान हलवली, कोणी काही सांगितल्यावर आपण हलवतो तशी. "बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी नारळ घेतला, दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. तो थोडा वेळ आमच्या बाजूने तरंगला आणि मग प्रवाहाबरोबर निघून गेला. उल्हास कठड्याला धरून रडत होता, नाक ओढत, लहान मुलासारखा, आणि मला तो त्या वेळी फार आवडला. मी घुगऱ्यांचा डबा उघडला. सगळ्यांना मूठमूठ दिल्या. डेलने दोनदा घेतल्या आणि विचारलं की यात मीठ सोडून दुसरं काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

परतताना गाडीत मी मागे त्यांच्याशेजारी बसले होते. कुंची त्यांच्या मांडीवर होती. मला कुठे राहवतंय? मी विचारलं, "आई, काय नाव ठेवलं?"

त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "तुला कशाला हवंय? हाक तो मारणार आहे."

मला राग आला थोडा. आत्या मी, धपाटा मी खाल्ला, आणि मलाच सांगायचं नाही. पण नंतर त्या अ‍ॅशबर्नला दोन महिने होत्या, दुपारी झोपायच्या, पंखे घूं करत असायचे, आणि उठल्यावर मी विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गो, छान झोप लागली." गणपतीच्या आधी त्या गावी परत गेल्या. आम्ही त्यांना आईच म्हणत राहिलो, गाव बायच म्हणत राहिलं, बँकेतला माणूस मालिनीबाई म्हणत राहिला.

पुढच्या वैशाखात त्या गेल्या. दुपारच्या झोपेतच. शेजारची नीलांबरी त्यांचं जेवणखाण बघायची, तिने फोन केला. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती, तेव्हा ओटीवरून तिला आवाज आला. कोणी हाक मारल्यावर माणूस देतं तशी स्पष्ट, मोठ्याने, "ओ". नीलांबरीला वाटलं कोणी आलं असेल. हात धुऊन वर गेली, तर ओटीवर कोणी नव्हतं, आणि बाय झोपलेल्याच होत्या.

"मी तर हाक मारली नव्हती, काकू," ती फोनवर मला म्हणाली. "घरात दुसरं कोणी नव्हतं. मग बायने ओ दिली कोणाला?"

"तिच्या वडिलांना," मी म्हटलं.